हौसेचें दुखणें

सुंदर दिसूं पाहणाऱ्याची फजिती हा मनुष्यजातीच्या करमणुकीचा फार जुना विषय आहे. कलप लावलेल्या म्हाताऱ्याच्या मिशांवरून घामाबरोबर ओघळणारा काळा रंग पाहून प्रहसनाचा प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि त्या हसण्यांत कांहीं पाप आहे असें त्याला वाटत नाहीं. तें बरोबरही आहे. कलप धुतां येतो. पण जी फजिती धुतां येत नाहीं, जी कातडीखालीं शिरून बसली आहे आणि जिच्यासह माणसाला पुढचीं तीस-चाळीस वर्षें आरशापुढें उभें राहावयाचें आहे, तिच्याविषयीं आपलें कर्तव्य काय? हा प्रश्न आतां धनिकांच्या वाड्यांतून निघून मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या उंबरठ्यावर आला आहे, आणि आपण तो अजून हसण्यावारीच नेत आहों.

मी बोलतों आहें तें चेहऱ्यांत चरबी भरण्याच्या शस्त्रक्रियेविषयीं, आणि विशेषतः ती फसल्यानंतर होणाऱ्या दुरुस्तीविषयीं. वय चेहऱ्यावर दिसूं लागतें तें केवळ सुरकुत्यांनीं नव्हे. गाल बसतात, डोळे खोल जातात, कानशिलें आंत ओढल्यासारखीं दिसतात. ‘चेहरा उतरला’ असें आपण म्हणतों त्यांत शरीरशास्त्राचें बरेंच सत्य आहे. कातडीखालचा मेद वयाबरोबर खरोखरच झिजतो व खालीं सरकतो. तेव्हां पोटावरची किंवा मांडीवरची चरबी बारीक नळीनें ओढून घ्यावयाची, ती स्वच्छ करावयाची आणि गालांत, कानशिलांत, डोळ्यांखालच्या खांचेंत पुनः भरावयाची, अशी ही क्रिया आहे. कल्पना आजची नाहीं. इ. स. १८९३ मध्यें गुस्टाफ नॉयबर या जर्मन शस्त्रवैद्यानें दंडावरची चरबी घेऊन चेहऱ्यावरील व्रणाचा खळगा भरून काढला, आणि लहान तुकडे तग धरतात, मोठे धरीत नाहींत, हें त्याच वेळीं नमूद करून ठेवलें. १९५० मध्यें लिंडन पीअर या अमेरिकन शस्त्रवैद्यानें दाखवून दिलें कीं अशा रोपणांतील जवळजवळ निम्मी चरबी वर्षभरांत नाहींशी होते. पुढें शरीरांतील चरबी शोषून काढण्याची युक्ति युरोपांत निघाली, आणि १९९० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यानें ती थेंबाथेंबानें, निरनिराळ्या थरांत, पेरल्यासारखी भरण्याची पद्धत रूढ केली.

‘रोपण’ हा शब्द येथें अलंकारिक नाहीं. भाताचें रोप उपटून दुसऱ्या खाचरांत लावलें म्हणजे तें कांहीं दिवस मान टाकतें, आणि मूळ धरलें तरच पुनः उभें राहतें. चरबीच्या पेशीचें तसेंच आहे. जुन्या जागेच्या रक्तवाहिन्या तुटलेल्या, नव्या अजून फुटावयाच्या. मधले कांहीं दिवस तिला आजूबाजूच्या ओलाव्यांतून झिरपेल तेवढ्यावर जगावें लागतें. थेंब लहान असला तर मध्यावरच्या पेशीपर्यंतही अन्न पोंचतें. गोळा मोठा असला तर कांठ जगतो, आंतलें मरतें. मेलेल्या चरबीचें तेल होतें, त्याभोंवतीं शरीर पिशवी बांधतें, किंवा तेथें कठीण गांठ धरते. आणि गंमत अशी कीं जी पेशी जगते ती आपलें माहेर विसरत नाहीं. पोटावरची चरबी गालांत आली तरी तिचा स्वभाव पोटाचाच राहतो. त्या माणसाचें वजन वाढलें तर पोटाबरोबर गालही फुगूं लागतो.

आतां शस्त्रवैद्याची अडचण पाहा. भरलेल्या चरबींतील बराच भाग मरणार हें त्याला ठाऊक असतें. किती मरणार हें कोणालाच ठाऊक नसतें. म्हणून पुष्कळजण हवें त्यापेक्षां थोडें अधिक भरतात, म्हणजे निसर्गाची तूट आगाऊ भरून ठेवतात. निसर्गानें आपला वांटा नेला तर ठीक. न नेला तर गणपति करावयास गेलों आणि मारुति झाला अशी गत होते. सूज ओसरून खरें रूप दिसावयास महिने लागतात, आणि मग कळतें कीं एक गाल दुसऱ्याहून भरला, किंवा डोळ्यांखालीं खांचेच्या जागीं उंचवटा आला. पापणीची कातडी सबंध शरीरांत सर्वांत पातळ. गालांत लपून जाईल असा कण तेथें झांकलेल्या मोत्यासारखा दिसतो.

दुरुस्तीचा मार्ग दोन दिशांनीं जातो, आणि त्या दिशा सारख्या नाहींत. कमी पडलें असेल तर आणखी भरतां येतें. अधिक झालें असेल तर काम बिकट. बाजारांत मिळणारें हायल्युरॉनिक आम्लाचें भरण नको झालें तर तें विरघळविणारें औषध आहे. जगलेल्या चरबीला असा उतारा नाहीं, कारण ती आतां परकी राहिली नाहीं, शेजारच्या मांसांत मुरून त्या माणसाचीच झाली आहे. मग बारीक नळीनें ती शोषून घेण्याचा प्रयत्न करावयाचा, किंवा पापणीच्या कडेनें छेद घेऊन गांठ उचलून काढावयाची, किंवा स्टेरॉइड टोंचून ती झिजवावयाची. आणि या शेवटल्या उपायांत गांठीबरोबर वरची कातडीही झिजून नवाच खळगा पडण्याची भीति. निबंध तपासण्यांत ज्याचें अर्धें आयुष्य गेलें त्याला हें सारें उलटें वाटल्यावांचून राहत नाहीं. आमच्या धंद्यांत अधिक लिहिलेलें खोडणें सोपें असतें. जें विद्यार्थ्याला सुचलेंच नाहीं तें समासांत भरून देणें कठीण.

येथवर वैद्यकाची गोष्ट झाली. नीतीची गोष्ट पुढें आहे. असा फसलेला चेहरा घेऊन एखादी बाई, किंवा एखादा पन्नाशींतला गृहस्थ, दुसऱ्या शस्त्रवैद्याच्या दारांत उभा राहतो, तेव्हां घरचे काय म्हणतात? ‘कोणी सांगितलें होतें?’ एवढें तीन शब्दांचें वाक्य. पण तें वाक्य नव्हे, तो न्यायनिवाडा आहे. रोगानें, अपघातानें, शत्रूच्या हातानें जें आलें त्याला दया. हौसेनें जें ओढवून घेतलें त्याला हसूं. हा निवाडा इतका सहज बाहेर पडतो कीं त्याची छाननी कोणी करीत नाहीं.

छाननीकरितां आपल्याच मुलुखांतील एक चेहरा घेऊं. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकांत एक पत्र छापून आलें. कावसजी नांवाचा एक मराठा, इंग्रजी फौजेंत बैल हांकणारा, १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातींतील एका माणसानें मेणाचा पत्रा नाकाच्या मापाचा करून कपाळावर ठेवला, त्याबरहुकूम कपाळाची कातडी सोडविली, दोन भुवयांमध्यें तिचा देंठ तसाच राखला, आणि ती खालीं वळवून तिचें नाक केलें. त्या कुशल हाताचें नांव पत्रांत नाहीं. पण तें पत्र वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ मध्यें लंडनांत तीच क्रिया केली, आणि युरोपांत या विद्येचें पुनरुज्जीवन झालें. सुश्रुतानें फार पूर्वीं कापलेलें नाक सांधण्याचा विधि सांगितला होता हें वाचकांस ठाऊकच आहे. पण ग्रंथांतला विधि आणि पुण्याच्या कुसाबाहेर बसलेला तो विटा पाडणारा यांच्यामधली सांखळी कशी टिकली असेल, याचा विचार केला म्हणजे मन थक्क होतें.

असो. कावसजीला नाक कशाकरितां हवें होतें? नाक नसतांना तो जेवत होता, श्वास घेत होता, कंपनी सरकारचें निवृत्तिवेतनही त्याला मिळत होतें. शरीर म्हणून त्याचें कांहीं अडलें नव्हतें. अडलें होतें तें बाजारांतून जातांना. आपल्याकडे नाक कापणें या शब्दाला जो दुसरा अर्थ आहे तो उगीच नाहीं. चेहरा हा जितका आपला तितकाच पाहणाऱ्याचा असतो. म्हणजे कावसजीचें दुःख केवळ दिसण्याचें होतें, आणि तरीही त्याला कोणी हौशी म्हणणार नाहीं.

दुसरें उदाहरण जवळचें आहे. इ. स. २००४ पासून आपल्या देशांत सरकारी केंद्रांतून एच. आय. व्ही. वरील औषधें मोफत मिळूं लागलीं. त्यांत स्टॅव्ह्युडीन नांवाचें एक स्वस्त औषध असे. त्यानें हजारों प्राण वांचले; परंतु तें दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या गालांतली चरबी झडून गेली, आणि जें गुपित त्यांनीं शेजाऱ्यांपासून, सासरपासून, कचेरीपासून जपलें होतें तें गालांच्या खळग्यांनीं चव्हाट्यावर मांडलें. २००९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें तें औषध टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचा सल्ला दिला. असे गाल भरून देणारा शस्त्रवैद्य सौंदर्य विकीत नव्हता. तो त्या माणसाला आपलें गुपित परत देत होता.

या दोघांशेजारीं तिसरी व्यक्ति आणून बसवूं. नात्यांतल्या लग्नाअगोदर डोळ्यांखालच्या खांचा भरून घेतलेली, आणि आतां तेथें दोन ढेंपळें घेऊन वावरणारी, एखादी शिक्षिका. तिला कोणी मारलें नाहीं, रोग झाला नाहीं. ती आपल्या पायांनीं चालत गेली. पण आज बाजारांतून जातांना तिच्या मनाचें जें होतें तें कावसजीच्या मनाहून जातीनें वेगळें आहे काय? अंशानें कमी असेल. जातीनें नाहीं. भरधांव मोटर हांकून पाय मोडून घेणाऱ्याला आपण ‘कोणी सांगितलें होतें’ म्हणून अस्थिवैद्याच्या दारांतून परत लावीत नाहीं. तंबाखू खाऊन जबडा गमावलेल्याचा जबडा नीट करतांना कोणी शस्त्रवैद्य त्याचें व्यसन आड आणीत नाहीं. मग हौसेलाच ही वेगळी शिक्षा कां? मला वाटतें, याचें कारण हौसेनें कोणाचें कांहीं बिघडतें हें नसून, हौस उघडी पडते हें आहे. व्यसनी माणूस आपल्या दुबळेपणानें पडला असें आपण समजतों. पण रूपाची इच्छा करणारा जी इच्छा आपण सगळेच मनांत बाळगतों ती चारचौघांत बोलून दाखवितो. त्याच्या फजितींत आपल्याला आपली सुटका सांपडते.

प्लेटोनें ‘गॉर्जियस’ या संवादांत प्रसाधनाला व्यायामाची बनावट नक्कल म्हटलें आहे, जसें पाककलेला वैद्यकाची. व्यायाम शरीराला खरें तेज देतो, प्रसाधन तेजाचा आभास देतें. हा निवाडा कठोर आहे, आणि पहिल्या शस्त्रक्रियेला तो लागूं होतो असें कोणी म्हटलें तर मी फारसा वाद घालणार नाहीं. निरोगी माणसाच्या निरोगी गालांत सुई घालण्याचें कारण शोधणें मलाही जड जातें. त्यांत जी जोखीम आहे ती केवळ कुरूपतेची नाहीं. क्वचित, फार क्वचित, चरबीचा कण चेहऱ्याच्या धमनींत शिरतो, उलट वाहत डोळ्याच्या धमनीपर्यंत पोंचतो, आणि दृष्टि कायमची जाते. संमतिपत्रांत हें छापलेलें असतें. तें किती जणांना मोठ्यानें वाचून दाखविलें जातें हा वेगळा प्रश्न आहे.

पण प्लेटोचा निवाडा दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागूं होत नाहीं, आणि माझें सारें म्हणणें या एका भेदावर उभें आहे. पहिल्या वेळीं माणूस काळानें नेलेलें, किंवा कधींच नसलेलें, मागतो. दुसऱ्या वेळीं तो एवढेंच मागतो कीं मनुष्याच्या हातानें जें बिघडविलें तें मनुष्याच्या हातानें नीट करावें. पहिली मागणी मोहाची म्हणा. दुसरी भरपाईची आहे. जो पहिल्या मागणीचा निषेध करतो त्यानें त्याच श्वासांत दुसरीचाही निषेध केला तर तो निषेध नीतीचा राहत नाहीं, सूडाचा होतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं रॉबर्ट गेर्झुनी या व्हिएन्नाच्या शस्त्रवैद्याच्या मार्गानें जाऊन नाकांत, गालांत पॅराफिन भरण्याची टूम निघाली होती. त्याच्या पुढें कठीण गांठी झाल्या, कांहींचें मेण जागा सोडून सरकलें. पुढें मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या रूपवती स्त्रीनें तारुण्यांत नाकाच्या दांडींत असें मेण भरून घेतलें होतें. त्याचें पुढें काय झालें तें चरित्रकार सांगतात, आणि वाचणारा गालांतल्या गालांत हसतो. उतारवयांत ती जगापासून लपून राहिली, आणि शेवटचीं वर्षें तिनें मनोरुग्णालयांत काढलीं. तेथें मात्र हसूं थांबतें. तें आधींच थांबावयास हरकत नव्हती.

याचा अर्थ प्रत्येक मागणी पुरी करावी असा मात्र होत नाहीं, आणि येथें प्रश्न खरा अवघड होतो. बिघडलें असें ठरवावयाचें कोणीं? १८९१ मध्यें एन्रिको मॉर्सेली या इटालियन वैद्यानें एका मनोविकाराचें वर्णन केलें. त्यांत माणसाला आपल्या देहांतलें नसलेलें किंवा तिळाएवढें व्यंग डोंगराएवढें दिसतें. अशा रोग्याला शस्त्रक्रियेनें सहसा समाधान लाभत नाहीं. एक दुरुस्ती दुसरीला जन्म देते, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर खरें व्यंग मात्र वाढत जातें. त्याला नकार देणें हाच उपचार, आणि तो नकार देणारा शस्त्रवैद्य आपलें गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांत पाठवीत असतो हें त्याला ठाऊक असतें. १९९५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें वैद्यकीय सेवा ग्राहक-संरक्षणाच्या कायद्याखालीं आणली. रोग्याला दाद मागण्याचा मार्ग मिळाला, हें चांगलेंच झालें. पण ‘ग्राहक’ हा शब्द दवाखान्यांत आला म्हणजे त्याच्याबरोबर ‘संतोष’ ही वस्तूही विक्रीस येते. आपल्या भाषेंत समाधान हा एक मोठा शब्द आहे. संतांनीं तो मनाच्या अवस्थेला वापरला, दुकानदारांनीं मालाला. शस्त्रवैद्य गांठ काढूं शकेल. समाधान देण्याचें वचन त्यानें कोणत्या बळावर द्यावें?

म्हणून मला मापाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. दुरुस्तीला येणारा मनुष्य खिशांत एक चित्र घेऊन येतो. तें चित्र कोणाचें? एखाद्या नटीचें असेल तर ती दुरुस्ती नव्हे, पहिलाच मोह पुनः आला आहे. स्वतःचें विसाव्या वर्षीचें असेल तर तो काळाशीं भांडतो आहे, शस्त्रवैद्याशीं नव्हे. पण पहिल्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं काढलेलें, बसलेल्या गालांचें आणि खोल गेलेल्या डोळ्यांचें चित्र पुढें ठेवून जो म्हणतो, ‘मला हेंच परत द्या,’ त्याची मागणी ऐकण्याजोगी आहे. तो सुंदर होऊं पाहत नाहीं. लोकांनीं पाहूं नये एवढेंच तो पाहतो. कावसजीलाही एवढेंच हवें होतें.

एक शब्द घरच्यांना. जी मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींसमोर बसते तिच्या गालांची चर्चा तीं मंडळी जिना उतरण्यापूर्वींच सुरू होते. जी सून बाळंतपणांत सुकते तिला ‘तोंड किती वाळलें’ म्हणून रोज ऐकावें लागतें. हें बोलणारीं माणसें दुष्ट नसतात. पण तींच माणसें पुढें ‘कोणी सांगितलें होतें’ असें विचारतात, तेव्हां त्या प्रश्नाचें खरें उत्तर देण्याचा धीर तिला होत नाहीं एवढेंच.

राहतां राहिला वेळेचा प्रश्न. पहिल्या महायुद्धांत सिडकप येथें हॅरल्ड गिलीज हा शस्त्रवैद्य गोळ्यांनीं फाटलेले चेहरे सांधीत होता. रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कांहीं बाकांना निळा रंग दिलेला असे. त्यांवर बसणाऱ्या सैनिकाचा चेहरा पाहून गांवकऱ्यांनीं दचकूं नये म्हणून. एका तरुण वैमानिकाचा जळालेला सबंध चेहरा एकाच मोठ्या कातडीनें झांकण्याचा प्रयत्न त्यानें १९१८ मध्यें केला. ती कातडी कुजली आणि तो तरुण मरण पावला. त्यानंतर, जें लांबणीवर टाकतां येतें तें टाकावें, हा त्याच्या विद्येचा नियमच होऊन बसला. चरबीच्या रोपणांतही शहाणे शस्त्रवैद्य दुरुस्तीपूर्वीं सहा महिने, कधीं त्याहून अधिक, थांबावयास सांगतात. कारण तोंपर्यंत कोणती सूज आहे आणि कोणती चरबी, हें हाताला नीट कळत नाहीं, आणि कांहीं उंचवटे आपोआपही बसतात. पण हे सहा महिने त्या माणसानें कोठें काढावयाचे? दवाखान्यानें थांबावयास सांगितलें आहे, घरांत निवाडा झालेला आहे, आणि कचेरींत रोज जावयाचें आहे. माझ्या मतें या सहा महिन्यांचा विचार संमतिपत्राइतकाच आधीं व्हावयास हवा. ज्यानें भरलें त्यानें महिन्यांतून एकदां, फी न घेतां, त्या माणसाला समोर बसवून चेहरा नीट पाहावा, हातानें चांचपावा, चित्र काढून मागच्या चित्राशेजारीं ठेवावें, आणि हत्यारांचें कपाट बंदच राहूं द्यावें.